जोडीच्या बरण्या

जरा डोळे मिटा बरं. आता आपल्याला लहान व्हायचं आहे. मुंगीएवढं नाही, मुंगी फारच मोठी झाली. सुईच्या टोकावर तुमच्यासारखे शेकडो जण मांडी घालून बसतील, इतकं लहान. झालात? तुमच्या चारही बाजूंना पाणी आहे, काळंकुट्ट आणि कोमट. हवेचा एक बुडबुडाही नाही. घाबरू नका, तुम्हाला हवा नकोच आहे. या पाण्यात एक मीठ विरघळलेलं आहे, त्याचं नाव सल्फेट. त्या मिठाच्या आत प्राणवायू दडलेला असतो. आपण हवेतून श्वास घेतो, तुम्ही तो या मिठातून घेता. सोबत खायला काहीतरी गोड मिळालं की झालं तुमचं काम. आणि श्वास सोडता तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. आता नाक मुरडू नका, तो तुमचाच वास आहे.

उघडा डोळे. असे जंतू खरंच असतात. नाल्याच्या तळाशी, शेणाच्या ढिगात, तळ्याच्या चिखलात ते राहतात. ही गोष्ट ते जंतू पाळणाऱ्या माणसांची आहे, आणि त्यातल्या गोपिका नावाच्या एका मुलीची.

साल होतं एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. नागपुरात सक्करदऱ्याच्या पलीकडे, एका नाल्याच्या काठावर पत्र्याची एक शेड होती. नाल्यात वरच्या बाजूच्या रंगाच्या कारखान्याचं पाणी यायचं आणि त्या पाण्यात सल्फेट भरपूर. दवाखान्यात पोट साफ व्हायला कडू मीठ देतात ना, त्याच्याच जातीचं. ते झिरपत झिरपत वस्तीतल्या विहिरींत उतरलं होतं. नवीन पाहुणा आला आणि दोन तांबे पाणी प्याला, की दुसऱ्या दिवशी त्याची धावपळ सुरू. वस्तीतले लोक त्यावर हसायचे, पण लहान बाळं आजारी पडायची तेव्हा कोणी हसत नसे.

म्हणून वच्छलाबाई नावाच्या एका शास्त्रज्ञ बाईंनी ती शेड उभी केली होती. शेडमध्ये एक मोठी लोखंडी टाकी होती, रिकामी. तिच्यात कारखान्याचं पाणी भरायचं, शेणातले जंतू सोडायचे, वरून झाकण घट्ट लावायचं आणि जंतूंना खायला साखर कारखान्यातली मळी द्यायची. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरतो तो काळा, चिकट, गोड पाक. जंतू मळी खातील आणि सल्फेट संपवतील. बेत सोपा होता. अडत होतं एकाच गोष्टीवर, मळी द्यायची किती? कमी दिली तर जंतू उपाशी राहतात आणि सल्फेट तसंच उरतं. जास्त दिली तर दुसऱ्याच जातीचे जंतू ताव मारायला जमतात, पाणी आंबतं आणि सगळंच बिघडतं. ते माप शोधायला शेडच्या फळीवर आधी सहा बरण्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत पाणी तेच, पण मळी वेगवेगळी.

या बरण्या सांभाळायचे गोपिकाचे बाबा, रुपराव. ते साधे मदतनीस होते, शिकले सातवीपर्यंत. पण बरणी पाहून जंतूंची तब्येत सांगायचे. आणि समजावून सांगावं तर त्यांनीच. आवाज खाली आणायचे, हाताने हवेत आकार काढायचे आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, जगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हे फक्त मलाच सांगताहेत. गोपिका पाच वर्षांची असल्यापासून शेडमधल्या लाकडी बाकावर त्यांच्या शेजारी बसून ऐकत आली होती. आता ती अकरा वर्षांची होती. ती बाकावरची जागा तिची होती. असं तिला वाटायचं.

मग जूनमध्ये पुष्पलता आली.

पुष्पलता ही रुपरावांच्या बहिणीची, सिंधूताईची मुलगी. उमरेडच्या पुढे त्यांचं खेडं. तिथली शाळा चौथीला संपायची, म्हणून सिंधूताईने तिला भावाकडे आणून सोडलं. जाताना भावाला जयभीम घातला आणि म्हणाली, "दादा, हिले शिकव गा. माह्यासारखं वावरात निंदाले पाठवू नको."

पुष्पलता गोपिकाच्याच वयाची, सावळी, काटकुळी. बोलायची कमी, पण एकदा ऐकलेलं विसरायची नाही. आठवड्याभरात तिने शेडमधल्या सगळ्या बाटल्यांची नावं पाठ केली. महिन्याभरात ती प्रश्न विचारू लागली.

"मामा, जंतू मिठातून श्वास घेते, तं मीठ संपल्यावर का करते गा?"

रुपराव थांबले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अवं पोरी," ते म्हणाले, "हे तं मले कोणीच विचारलं नव्हतं आजपर्यंत! ये, बस इकडे."

आणि त्यांनी बाकावर हात थोपटला. गोपिकाच्या जागेवर.

गोपिका दुसऱ्या टोकाला बसली. बाबा समजावत होते, हातांनी आकार काढत होते, पण आकार पुष्पलताच्या डोळ्यांसमोर निघत होते. त्या दिवसापासून गोपिकाला एक सवय लागली. बाबा पुष्पलताला काही सांगू लागले की ती उठायची. पाणी प्यायला, चप्पल शोधायला, कशालाही. "मी नसले तर बाबा थांबतील, मला हाक मारतील," असं तिला वाटायचं. बाबा थांबायचे नाहीत. त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

घरीही तसंच. अंजनाबाई, म्हणजे गोपिकाची आई, दोघींना सारखं वाढायची. गोपिका पुष्पलताच्या ताटातल्या भाकरीकडे बघायची.

"का मोजून राहिली वं?" आईने एकदा विचारलं.

"काही नाही."

"तुह्या ताटात तिच्यापेक्षा चटणी जास्त हाये. डोळे नको फाडू, जेव."

तर संक्रांत झाली आणि वच्छलाबाई शेडमध्ये आल्या. सहा बरण्यांपैकी चौथीचं माप त्यांना बरं वाटत होतं. "पण एका बरणीवर विश्वास ठेवून एवढी टाकी भरता येत नाही, रुपराव," त्या म्हणाल्या. "त्याच मापाची एक जोडी लावा. दोन्ही बरण्यांत सगळं सारखं. दोन्ही सारख्या वागल्या तर माप खरं. वेगळ्या वागल्या तर कुठेतरी गडबड आहे असं समजायचं. होळीच्या आधी मला पक्कं सांगा."

रुपरावांचा जोडीदार नत्थू त्या वेळी गावी गेलेला, कापणीला. एकट्याला सहा बरण्या, नाल्यावरून पाणी आणणं, मळीचा पिंप भरणं, एवढं झेपत नव्हतं. ते डोकं खाजवत म्हणाले, "बाई, ही जोडी पोरी सांभाळतील. माह्या डोळ्यांसमोर."

बाई हसल्या. "माप चुकणार नाही ना?"

"एक थेंब नाही."

अशा त्या दोन बरण्या आल्या. जाड काचेच्या, जुळ्या बहिणींसारख्या. प्रत्येकीच्या तोंडाला रबरी बूच, बुचातून दोन नळ्या. एका नळीने रोज एक कप पाणी काढायचं, तिच्यातूनच नवं पाणी आणि ठरलेल्या मापाची मळी आत सोडायची. दुसऱ्या नळीतून वायू बाहेर जायचा. जुन्या बरण्यांवर ऑइलपेंटने आकडे घातलेले होते. पण पेंटचा डबा वाळून खडक झालेला. रुपराव म्हणाले, "तुमच्या शाळेच्या रिबिनी बांधा गळ्याले. गोपीची लाल, पुष्पीची निळी. झालं काम."

आणि मग त्यांनी बजावलं, "बूच काढायचं नाही. जे करायचं ते नळीतून."

"काहून गा मामा?" पुष्पलताने विचारलं.

ते सांगू लागले आणि गोपिका चप्पल शोधायला बाहेर गेली.

रोज संध्याकाळी पाच वाजता बरण्यांची परीक्षा व्हायची. काढलेलं पाणी रुपराव गाळायचे, परीक्षानळीत घ्यायचे आणि त्यात एका औषधाचे थेंब टाकायचे. ते औषध विषारी होतं म्हणून मुलींनी बाटलीला हातही लावायचा नाही. सल्फेट भरपूर असलं की थेंब पडताच पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. कमी असलं की नुसतं धुरकट. नळीमागे एक पुठ्ठा धरायचा, त्यावर रुपरावांनी शाईने दहा रेघा ओढल्या होत्या, पहिली जाडजूड आणि पुढची प्रत्येक आधीपेक्षा बारीक. नळीतून जितक्या रेघा दिसतील तितकं पाणी चांगलं.

पहिल्या दिवशी दोघींच्या नळीतून एकही रेघ दिसली नाही. पांढरं दूध. आठवड्याने दोघींची एकेक रेघ. त्यानंतर मात्र फरक पडू लागला. निळीच्या चार, लालच्या दोन. निळीच्या सहा, लालच्या तीन. निळीच्या आठ, लालच्या तीनच.

"वा वं पुष्पे!" रुपराव म्हणायचे. "आठ! तुह्या हाताले गुण हाये."

ते वाक्य गोपिकाच्या कानात दिवसभर वाजायचं. शाळेत, नळावर, झोपताना. माझ्या हाताला काय झालं? तेच पाणी, तीच मळी, तोच कप. ती माप दोनदा तपासायची. मळीचा शेवटचा थेंब निथळेपर्यंत थांबायची. आणि तरी तीन.

बाबांनी एकदा म्हटलं होतं, की वास आला म्हणजे समजायचं जंतू कामाला लागले. ते वाक्य मात्र गोपिकाने ऐकलं होतं. मग काय, बाबा नाल्यावर गेले आणि पुष्पलता जवळ नसली की ती हळूच आपल्या बरणीचं बूच उचलायची आणि वास घ्यायची. फक्त एक क्षण. येतो का वास? कालच्यापेक्षा जास्त की कमी? शाळेतून आल्यावर एकदा, खेळून आल्यावर एकदा, घरी जाण्याआधी एकदा. निळीला हात लावायची तिची हिंमत नव्हती, कारण आपल्या बरणीला लागलेलं बोटसुद्धा पुष्पलताला कळायचं. नळीमागचा पुठ्ठा रोज तीन म्हणाला, की दुसऱ्या दिवशी गोपिका बूच चारदा उचलायची.

(तुम्ही मात्र असल्या बरणीत कधी नाक घालू नका. तो वायू थोडा असला तर नाक चुरचुरतं, जास्त असला तर माणूस भोवळून पडतो.)

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटली. पुष्पलता दर शनिवारी बरण्या बाहेरून पुसायची, रिबिनी सोडून धुवायची आणि वाळल्या की परत बांधायची. कोणी सांगितलं नव्हतं, तिला स्वच्छ आवडायचं. त्या दिवशीही तिने ते केलं आणि मामीबरोबर गिरणीवर गेली. रुपराव मळीचा पिंप आणायला गेले होते. शेडमध्ये गोपिका एकटी.

ती फळीसमोर उभी राहिली. निळ्या रिबिनीची बरणी, लाल रिबिनीची बरणी. एकीत आठ रेघा, दुसरीत तीन. दोन्हीतलं पाणी सारखंच काळं. बाहेरून पाहून कोणीच सांगू शकलं नसतं.

तिने लाल रिबीन सोडली. मग निळी सोडली. तिला वाटलं, हे बरोबरच आहे. चांगली बरणी आपल्या वाट्याला यायला हवी होती, चुकून तिकडे गेली, आता परत आली. शेड कोणाच्या बाबांची आहे? बाक कोणाचा आहे? तिने निळीच्या जागी लाल बांधली, लालच्या जागी निळी बांधली, बरण्यांची जागा बदलली आणि बाहेर येऊन लंगडी खेळू लागली.

संध्याकाळी पाचला रुपरावांनी थेंब टाकले. लाल: आठ. निळी: तीन.

"अरे बाप्पा!" ते म्हणाले. पुठ्ठा पुन्हा धरला. "गोपे! आठ! अवं, जागी झाली तुही बरणी!"

त्यांनी तिला उचललंच. अकरा वर्षांच्या घोडीला उचलून गरकन फिरवलं. खरं म्हणजे त्यांना शंका यायला हवी होती. दही लागतं तेही रात्रभर हळूहळू, मग ही बरणी एका दिवसात पाच रेघा कशी चढली? पण ते त्या वेळी मदतनीस नव्हते, बाप होते. आपल्या पोरीचं तोंड इतके दिवस उतरलेलं त्यांना दिसत होतं, आणि आज ते फुललं होतं.

पुष्पलताने निळ्या रिबिनीची बरणी उजेडात थोडी वळवली. रिबिनीच्या गाठीवरून बोट फिरवलं. एकदा गोपिकाकडे पाहिलं. मग वही उघडून सुवाच्य अक्षरात लिहिलं: लाल आठ, निळी तीन.

पुढचे दोन दिवस गोपिका बाकावर बाबांना चिकटून बसली. सवयीने एकेकदा बूच मात्र उचललं. तिसऱ्या दिवशी लालच्या सात रेघा झाल्या. बाबा बाहेर गेले तशी तिने पुन्हा बूच उचलून वास घेतला. चौथ्या दिवशी दोनदा घेतला. आठवड्याने लाल पाचवर आली, निळी पाचवर चढली. दोन आठवड्यांनी लाल तीन. निळी आठ.

"असं कसं होते?" गोपिका रडकुंडीला येऊन पुटपुटली. ती तर चांगली बरणी होती! पुष्पलताने काही मंतरलं की काय? तिने आता पुष्पलताशी बोलणंच सोडलं. पुष्पलताने "पाणी देऊ का वं?" म्हटलं तरी ती मान फिरवायची. रात्री अंथरुणात मध्ये उशी ठेवायची.

होळीला आठ दिवस उरले असताना वच्छलाबाई आल्या. वही हातात घेतली आणि उभ्याउभ्याच वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांचं बोट एका तारखेवर थांबलं.

"रुपराव, अठरा फेब्रुवारीला काय झालं?"

"का झालं बाई?"

"आदल्या दिवशी लाल तीन, निळी आठ. या दिवशी लाल आठ, निळी तीन. जिवंत गोष्ट एका दिवसात अशी उडी मारत नाही. रिबिनी बदलल्या गेल्यात. रिबिनी कोण सोडतं?"

रुपरावांनी पुष्पलताकडे पाहिलं.

"मी सोडतो, शनिवारी," पुष्पलता म्हणाली. "धुवाले. पण मी बरोबर बांधल्या होत्या."

"चुकतं गं बाळ," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता, थकलेला होता. "पण नुसत्या रिबिनी बदलल्या असत्या तर चांगली बरणी चांगलीच राहिली असती. ती पुढे बिघडली आहे आणि बिघडलेली सुधारली आहे. म्हणजे मळीच्या मापातही गोंधळ झालाय. कुठे झाला, आता कोण सांगणार? ही जोडी मला धरता येणार नाही, रुपराव. पुन्हा पहिल्यापासून लावावी लागेल. टाकी आता पावसाळ्यानंतर."

बाई गेल्या. रुपराव मान खाली घालून उभे होते. "एक थेंब नाही," असं ते म्हणाले होते ना बाईंना!

"पुष्पे," ते म्हणाले, "चुकलं असंन तं कबूल कर ना वं. मी का मारतो?"

"नाही चुकलं मामा."

"मग रिबिनी का आपोआप चालत गेल्या?"

गोपिका खांबाला टेकून उभी होती. पुष्पलता तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हती.

"खोटं बोलणारीले ह्या शेडमधी जागा नाही," रुपराव म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते कडू लागलं, पण शब्द निघून गेले होते.

घरी येऊन पुष्पलताने आपले दोन परकर-पोलके घडी केले. "मामी, मी माह्या मायकडे जाईन," ती म्हणाली. अंजनाबाईने समजावलं, परीक्षा महिन्यावर आली म्हणून सांगितलं, शेवटी रागावलीसुद्धा. पुष्पलता ऐकेना. "जिथं मले खोटी म्हणते तिथं मी जेवत नाही," म्हणून खरंच जेवली नाही. मग ठरलं, की होळीसाठी म्हणून घरी जाऊ दे, राग उतरला की येईल. पण येईल असं कोणालाच वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी चारच्या एस.टी.ने तिला बसवून द्यायचं होतं.

तो रविवार उजाडला आणि गोपिकाला हवं होतं ते सगळं मिळालं.

दुपारी ती आणि बाबा शेडमध्ये होते. फक्त दोघंच. ऊन पत्र्यावर तापत होतं. बाबांनी बाकावर हात थोपटला. "ये गोपे. आता तुलेच शिकावं लागंन सगळं. नवी जोडी लावायची हाये."

ती बसली. बाबांनी आवाज खाली आणला, हात हवेत उचलला. नऊ महिने ती या क्षणाची वाट पाहत होती.

"हे पाय," ते म्हणाले, "सगळ्यात आधी बूच. बूच काहून काढायचं नाही, सांग?"

"काहून?"

"पुष्पीले सांगितलं होतं तवा तू नव्हती वाटते. आपण पाण्यात बुडालो तं मरतो, कारण हवा नाही. ह्या जंतूंचं उलटं हाये. हवा म्हणजे त्यायचं बुडणं. एकदा बूच उघडलं का हवा आत शिरते. काही मरते, काही दडी मारते. पुन्हा जम बसाले दोन-तीन दिवस लागते. अन् तो बसत नाही, तेवढ्यात पुन्हा उघडलं, तं पुन्हा तेच. मळी कितीही बरोबर द्या, माप कितीही अचूक ठेवा, अशी बरणी कधीच वर येत नाही. कळलं का?"

गोपिकाला कळलं. शाळेतून आल्यावर एकदा. खेळून आल्यावर एकदा. घरी जाण्याआधी एकदा. आधी एक बरणी तिने मारली होती, मग रिबीन बदलून दुसरी घेतली आणि तीही मारली. आणि पुष्पलताने तिची मेलेली बरणी नुसती न उघडता जिवंत केली होती.

बाबा पुढे बोलत होते, त्यांचा हात हवेत गोल काढत होता. ते थांबले नसते. ती गप्प राहिली असती, तर बाक तिचाच होता. आजही, उद्याही.

"बाबा," ती म्हणाली.

"हं?"

"मी बूच काढत होती. रोज. वास पाहाले."

रुपरावांचा हात हवेतच राहिला.

"अन् रिबिनी मी बदलल्या. पुष्पीनं नाही. तिची बरणी मले पाहिजे होती." "तुम्ही तिलेच सांगत होते सगळं."

बाबा मारतील असं तिला वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ते उठले, वही काढली आणि पानं उलटू लागले. त्यांचे ओठ हलत होते. बूच लावलेलं होतं ती बरणी आठ. मग रिबिनी बदलल्या. बूच लावलेलं राहिलं ती बरणी पुन्हा आठ. दोन्ही बरण्या, त्याच मापात, एकेकदा आठवर.

"माप बरोबर हाये," ते हळूच म्हणाले. "बाईंचं माप बरोबरच हाये. पोरीनं दोनदा करून दाखवलं." आणि मग त्यांचे डोळे एकदम भरून आले. "अन् मी तिले खोटी म्हटलं."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा मिनिटं होती.

"बाबा, तुम्ही नका येऊ," गोपिका म्हणाली. "मीच जाईन." आणि ती धावत सुटली.

चौकात एस.टी. उभी होती. ड्रायव्हर खालीच तंबाखू मळत होता. अंजनाबाई सावलीत पदराने वारा घेत होती. पुष्पलता खिडकीशी बसली होती, समोर बघत.

गोपिका खिडकीखाली आली. धाप लागली होती. "मी बाबाले सांगितलं," ती म्हणाली. "सगळं. रिबिनीचं, अन् बुचाचं."

"बुचाचं मले माहीत नव्हतं," पुष्पलता म्हणाली. "रिबिनीचं होतं. मी आडवी गाठ मारतो. ती गाठ उभी होती."

"मग काल काहून नाही सांगितलं वं? बाईंसमोर?"

पुष्पलताने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तुह्या बापाच्या घरी राहून मी तुह्यं नाव घेऊ? मंग मले कोणी ठेवून घेतलं असतं का?"

गोपिकाने खिडकीचा गज धरला. ती म्हणाली, "उतर ना वं खाली."

"नाही."

"बाबा रडून राहिले."

"रडू दे."

"मी नाक घासू का रस्त्यावर?"

"तुह्या नाकानंच तं सारी बरबादी केली," पुष्पलता म्हणाली, आणि तोंड फिरवलं. ड्रायव्हर तंबाखू दाढेत धरून वर चढला. कंडक्टरने दार ओढलं.

गोपिकाने टपाकडे पाहिलं. टपावर पाट्या, बोचकी आणि दोरीने बांधलेली पुष्पलताची पत्र्याची पेटी. ती गाडीच्या मागे धावली, शिडीचे गज पकडले आणि वर चढली. खाली आई ओरडली, "अवं पोट्टे, पडशीन!" कंडक्टर शिट्टी फुंकत मागे आला, "ए! उतर खाली! का करून राहिली?" गोपिकाने ऐकलं नाही. ती टपावर मांडी घालून बसली, पेटी दोन्ही हातांनी धरली आणि ती खाली उतरवायला दातांनी दोरीची गाठ सोडू लागली.